पत्रादेवी ते जुनं गोवं: सायबाच्या वाटेवरचे पाच दिवस

29 नोव्हेंबर, पत्रादेवी ते कोलवाळ

पुण्याहून रात्रीच्या बसने निघालो आणि पहाटे बांद्याला उतरलो. बाकीची मंडळी सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्तासाठी (संताच्या वार्षिक सणासाठी) आदल्या दिवशीच सावंतवाडीहून जुन्या गोव्याकडे चालत निघाली होती. भावोजी मोटरसायकल घेऊन न्यायला आले. माझ्या पायातले नवे कोरे बूट पाहून म्हणाले, "हे घालून चालणार?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

पत्रादेवीला, गोव्याच्या हद्दीवर, हुतात्मा स्मारकाजवळ सगळे चहा घेत होते. पस्तीस-चाळीस माणसं, एक सामानाचा टेम्पो, पुढे एका पोराच्या खांद्यावर लाकडी क्रूस. 15 ऑगस्ट 1955 रोजी याच जागी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. आमच्याबरोबरच्या फादरांनी सगळ्यांना उभं केलं, त्या हुतात्म्यांसाठी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणवून घेतलं आणि मग निघालो. ही गोष्ट मला मनापासून आवडली. पोर्तुगिजांनी आणलेल्या धर्माची माणसं पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी पडलेल्यांसाठी प्रार्थना करतात, आणि त्यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही.

मी मूळचा वसईचा, नोकरीला पुण्यात. 'तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!' हे वाक्य ऐकून ऐकून आता मी नुसतं हसतो. ऑफिसात मी कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते फक्त 25 डिसेंबरला केक कुणी आणायचा यापुरतं. गळ्यातली क्रूसाची चेन शर्टाच्या आत असते. कुणी ती आत घालायला सांगितली असं नाही. हल्ली वातावरण असं आहे की क्रूस दिसला की काही जणांना लगेच धर्मांतर आठवतं, आणि सकाळी साडेनऊला लिफ्टमध्ये उभं राहून त्यावर बोलायची माझी इच्छा नसते. बहीण म्हणाली, एकदा आमच्याबरोबर चालून बघ. म्हणून आलो.

पेडण्याच्या रस्त्याला जपमाळ सुरू झाली. पुढची रांग मराठीत 'नमो मरिये' म्हणायची आणि मागच्या म्हाताऱ्या कोंकणीत 'नमान मोरिये'. मध्ये चालणाऱ्याच्या एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरी. डोक्यावरून मोपाच्या विमानतळाकडे विमानं उतरत होती, बाजूने ट्रक जात होते. ट्रकवाल्यांतले काही हॉर्न वाजवून हात जोडायचे. वारकऱ्यांना जोडतात तसेच.

धारगळच्या अलीकडे एका घरापुढे बाकं मांडलेली, त्यावर ताकाचा हंडा आणि स्टीलचे पेले. अंगणात तुळशीवृंदावन, दारावर आंब्याचं वाळलेलं तोरण. त्या घरच्या आजी सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या सासऱ्यांनी हे सुरू केलं, तेव्हापासून नोव्हेनाच्या (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) दिवसांत चालणाऱ्यांना ताक असतंच. मी पेला परत देताना त्यांनी माझ्या हातात दहाची नोट ठेवली. "सायबाकडे आमच्या नावान एक मेणबत्ती लावशात? नातवाक नोकरी जाय." म्हणजे नातवाला नोकरी हवी. मी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव कित्याक? सायबाक घर म्हायत आसा." नोट पाकिटात न ठेवता मी खिशात वेगळी ठेवली.

संध्याकाळी कोलवाळचा पूल ओलांडला तोवर उजव्या टाचेचं भजं झालं होतं.

मुक्काम एका चर्चच्या सभागृहात. गटात एक निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना नर्समावशी म्हणतात. ('सिस्टर' म्हटलं की चर्चमधली की इस्पितळातली हा घोळ होतो म्हणून.) त्यांनी सभागृहाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली, बॅटरी पेटवली आणि एकेकाला बोलावायला लागल्या. सुई मेणबत्तीवर धरायची, स्पिरिटने पुसायची, पांढरा दोरा ओवायचा, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढायची आणि दोऱ्याची दोन टोकं तशीच बाहेर ठेवायची. दोऱ्यावरून पाणी आपोआप झिरपून जातं, कातडी तशीच राहते. माझी पाळी आली तेव्हा मी पाय मागे घेतला. दिवसभर घामात शिजलेला पाय, बाईमाणसाच्या मांडीवर कसा ठेवायचा?

"पाय दी हयसर. लाजतंस कित्याक?"

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून आमच्या पॅरिशमध्ये पवित्र गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुतात. निवडलेले बाराजण घरून साबणाने पाय घासून, पावडर लावून येतात. मीही एका वर्षी गेलो होतो, नवे मोजे घालून. खरे घाणेरडे पाय कुणी हातात घेतले की माणसाची काय अवस्था होते ते कोलवाळला कळलं. मावशींनी त्या रात्री सत्तावीस पाय केले. मी मोजले, कारण झोप येत नव्हती.

30 नोव्हेंबर, कोलवाळ ते पर्वरी

आजचा दिवस भांडणाचा.

टेम्पोवर पोरांनी स्पीकर बांधलेला. कालपर्यंत त्यावर भक्तिगीतं हळू आवाजात होती, आज म्हापशाच्या अलीकडे आवाज इतका वाढवला की शेजारून चालणाऱ्याची जपमाळ चुकायला लागली. म्हाताऱ्यांनी सांगितलं, बंद करा. पोरं म्हणाली, बाकीच्यांच्या मिरवणुकांना डीजे चालतो, आपणच का दबून राहायचं? हा 'दबून' शब्द मला लागला, कारण मी त्याच गटातला. स्पीकर लावायचा नाही म्हणणाऱ्यांत शहाणपण किती आणि भीती किती, हे मला माझ्याबाबतीतही सांगता येत नाही.

दुपारच्या जेवणाला मी फादरांना विचारलं. येशूने डोंगरावरच्या त्याच प्रवचनात आधी सांगितलं की दिवा मापाखाली ठेवू नका, तो दिवठणीवर ठेवा, लोकांना तुमची सत्कर्मं दिसू देत. आणि पान उलटलं की सांगतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लावून घ्या. मग नक्की करायचं काय? फादर भात कालवत म्हणाले, "दोन्ही एकाच डोंगरावर सांगितलंय." एवढं बोलून त्यांनी डाळ मागितली. मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही आणि मी तसं तोंडावर म्हटलंही. शेजारी बसलेल्या नर्समावशींनी मान वर न करता सांगितलं, "दिव्याक स्पीकर नसता." पोरं हसली. स्पीकर तिथून पुढे फक्त निर्जन रस्त्यावर लागला, तोही बेताच्या आवाजात.

म्हापशाला सेंट जेरोमच्या चर्चमध्ये थांबलो. या चर्चला सगळे मिलाग्रीस सायबिणीचं (चमत्कारांच्या मरियेचं) चर्च म्हणूनच ओळखतात. गोव्यात सात बहिणींची कथा घरोघरी सांगतात: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि बाकीच्या, त्यांतली एक बहीण ख्रिस्ती झाली, ती ही मिलाग्रीस. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी तिचं फेस्त असतं आणि हिंदू बायका तेल घेऊन येतात. ईशशास्त्राच्या परीक्षेत ही कथा पास होणार नाही हे मलाही कळतं. पण तेलाची बाटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला परीक्षा द्यायची नसते.

पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामाची धूळ नाकातोंडात. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

1 डिसेंबर, पर्वरी ते जुनं गोवं

पहाटे चारला निघालो, उन्हाच्या आधी मांडवी ओलांडायची होती. पूल उतरून पणजीतून रायबंदरच्या बांधावर आलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. हा बांध 1633-34 मधला, सुमारे 3 किलोमीटर लांब, अजून वापरात. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि कांदळवन. पाण्यावर धुकं होतं. पुढे-मागे आणखी गट दिसायला लागले, बेळगावचे, कारवारचे. काही अनवाणी. एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन चालत होता आणि ती झोपेत त्याच्या टकलावर हात आपटत होती. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पुढच्या गटातल्या एका बाईने मागे वळून माझ्याकडे सोललेलं संत्रं धरलं, मी घेतलं. "देव बरें करूं", म्हणजे आभार, म्हणायचं मला आठवलं तोवर ती पुढे गेली होती.

मग ती बिनगिलाव्याची, तांबड्या जांभ्याची बासिलिका. बॉम जेझू, म्हणजे भल्या येशूचं चर्च. 1605 मध्ये हिचा अभिषेक झाला. पूर्वी बाहेरून चुन्याचा गिलावा होता, तो विसाव्या शतकाच्या मध्याला काढून टाकला. फोटोत ती देखणी दिसते, पण जवळ गेलं की जांभ्याच्या भोकांत पावसाळ्याचं शेवाळ वाळून काळं झालेलं दिसतं. कातडी काढलेल्या माणसासारखी वाटली मला. (त्या दिवशी मला सगळीकडे कातडीच दिसत होती, टाचेमुळे.)

गोंयचो सायब, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, 6 मे 1542 ला गोव्यात उतरला आणि 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळ सांचियान बेटावर वारला. शव 1554 मध्ये गोव्यात आणलं. वर चांदीची पेटी, खाली फ्लॉरेन्सहून आलेला संगमरवरी चौथरा. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने, तिसऱ्या कोझिमोने पाठवला तो, 1698 मध्ये बसवला. ज्या माणसासाठी हे सगळं केलं, तो गोव्यात आल्यावर राजवाड्यात न राहता इस्पितळात रोग्यांच्या सोबतीला राहिला, तुरुंगांत गेला आणि हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून पोरं गोळा करत फिरला. त्याच माणसाने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन (पाखंडाबद्दल शिक्षा करणारं धर्मन्यायालय) हवं अशी मागणी केली. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1560 मध्ये आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं. गुडघे टेकताना मला दोन्ही गोष्टी आठवत होत्या. एक आठवली म्हणून दुसरी पुसली जात नाही. तरी गुडघे टेकले.

बाहेर मेणबत्त्यांचा पत्रा तापून वाकलेला. धारगळच्या आजींची दहाची नोट एका मेणबत्तीला पुरली. नाव माहीत नसल्यामुळे मी मनात ताकाचा हंडा आणि तुळस आणली. माणसाला पत्ता सांगतात तसं.

2 डिसेंबर, सांकवाळ

बाकीची मंडळी फेस्तासाठी थांबली, कपडे धुणं, झोपणं, पाय शेकणं चाललं होतं. मी बसने सांकवाळला गेलो. वसईत वाढलेल्या मला संत जोसेफ वाझ नावापुरता माहीत होता. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला त्याला संत घोषित केलं, त्या बातमीत वाचलेला.

बसमध्ये शेजारी एक गृहस्थ मराठी वर्तमानपत्र वाचत बसले होते. सत्तरीचे, धोतर नाही पण धोतराच्या पिढीचे. मी कुठे चाललो ते ऐकून म्हणाले, "मग कुठ्ठाळी ओलांडून जाल. ती आमची कुशस्थळी. मंगेश मूळचा तिथला. सोळाव्या शतकात देवळं पाडायला लागले तेव्हा देव उचलून रातोरात नदीपलीकडे नेला, प्रियोळला. केळशीची शांतादुर्गाही तशीच गेली, कवळ्याला. आमचं कुलदैवत." आवाजात राग नव्हता, हिशेब होता. मला काय बोलावं कळेना. शाळेत असताना 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली हा धडा आला की आमच्या वर्गातली ख्रिस्ती पोरं कुणाच्या बाजूने खूश व्हायचं ते एकमेकांकडे बघून ठरवायची. तशी अवस्था झाली. शेवटी एवढंच म्हटलं, "काका, ते झालं ते वाईटच झालं. माझ्या धर्माच्या नावाने झालं." त्यांनी पेपरची घडी घातली. "तुम्ही थोडंच केलंत. आणि माझी आई दर वर्षी सायबाच्या फेस्ताला जायची, खाजं आणायची." उतरताना त्यांनी मला सांकवाळचा फाटा दाखवला, कंडक्टरला दोनदा बजावलं.

सांकवाळला जुन्या चर्चचा फक्त दर्शनी भाग उभा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या आगीत बाकीचं गेलं. कोरीवकाम केलेलं उंच दार, आणि दारामागे आभाळ. कुणीच नव्हतं. एक मुलगा गवत कापत होता.

जोसेफ वाझ 21 एप्रिल 1651 ला बाणावलीला, आजोळी जन्मला. वडिलांचं गाव हे सांकवाळ. त्या काळी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि ते कॅल्व्हिनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिक धर्मगुरूंना बंदी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बंद, चर्चं काढून घेतलेली. हा 1687 मध्ये मजुराच्या वेशात, अनवाणी तिथे पोचला. जाफन्यात हगवणीने मरता मरता वाचला. कॅथलिक घरं ओळखायची कशी? भीतीने कुणी सांगत नव्हतं. त्याने गळ्यात मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरला. जपमाळ बघून कुणाच्या डोळ्यात काय हलतं ते बघायचं. ज्या राज्यात ती माळ दिसली तर तुरुंग, तिथे.

इथे मी पायरीवर बसलो आणि शर्टाच्या आतल्या चेनला हात लावला. चार दिवसांच्या घामाने तिच्याखाली पुरळ उठलं होतं.

त्याच्या पाठीशी ना तोफ होती, ना व्हाइसरॉय. किनाऱ्यावर डच त्याच्या मागावर, आणि आत, कँडीच्या बौद्ध राजाने 1692 मध्ये पोर्तुगिजांचा हेर समजून त्याला कोंडलं. पुढे 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. रोग्यांना घरची माणसंसुद्धा रानात नेऊन टाकायला लागली. वाझ आणि त्याचा एक सहकारी मागे राहिले. रोग्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना पुरलं. कोण कुठल्या धर्माचा हे विचारलं नाही. त्यानंतर राजाने त्याला मोकळेपणी काम करू दिलं. 16 जानेवारी 1711 ला तो कँडीतच वारला, गोव्याला परत आला नाही.

बसमधल्या काकांनी सांगितलेलं आणि हे, या दोन गोष्टींच्या जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकीत धर्माच्या हातात सत्ता होती, दुसरीत फक्त भांडं आणि फडकं. मला नर्समावशींची सतरंजी आठवली, सुई, बॅटरी, स्पिरिटचा वास.

चेन बाहेर काढली. खरं कारण पुरळ होतं, उगाच मोठं काही सांगत नाही. पण परत आत घातली नाही.

3 डिसेंबर, फेस्त

एवढी गर्दी मी फक्त आळंदीला पाहिली आहे. मंडपातल्या कोंकणी मिस्साचं मला निम्मंअधिक समजलं; जे समजलं नाही ते बहिणीने कानात सांगितलं, बरंचसं चुकीचं. ख्रिस्तप्रसादाची रांग संपेना. मग फेस्ताची फेरी: आल्याच्या वासाचं खाजं, चणे, खुर्च्या, गाद्या, प्लॅस्टिकची फुलं. आणि मेणाचे अवयव. हात, पाय, डोळे, पोट, अख्खी बाळं. ज्याचं जे दुखतं त्याने ते सायबाला वाहायचं.

मी भावोजींबरोबर खाज्याचा भाव करत होतो. तेवढ्यात नर्समावशी गर्दीतून आल्या, हातात मेणाचा पिवळा पाय, बोटांसकट. माझ्यासाठी आणलेला. "वाहून ये. तुझी टाच बरी होवूक व्हयी."

सत्तावीस पायांना दोरे घालणारी बाई मेणाचा पाय वाहायला सांगते, यावर मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. मग मी पाय उलटा करून बघितला.

"मावशी, हा डावा आहे. फोड उजव्या पायाला आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाय हातात घेतला, अंगठा कुठल्या बाजूला ते तपासलं. विकणाऱ्याकडे परत जायला पाऊण तासाची गर्दी होती.

"ऱ्हवांदे. डावो-उजवो सायबाक कळता."